‘शस्त्र रिकामे आहे’ या समजापासून सावध राहावे

शस्त्राचा परवाना मिळणे ही एका दीर्घ चौकशीची अखेर असते. परंतु ज्या दिवशी रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल घरात येते, त्या दिवसापासून त्या घरातील प्रत्येक व्यक्तीची, किंबहुना त्या शस्त्राची कल्पनाही नसलेल्या पाहुण्याची सुरक्षितता परवानाधारकाच्या सवयींवर अवलंबून राहते. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या शस्त्रातून अनवधानाने गोळी सुटावी आणि घरचेच माणूस जायबंदी व्हावे अथवा प्राणास मुकावे, यासारखे दुर्दैव नाही. अशा प्रसंगानंतर एक वाक्य बहुधा ऐकू येते : ‘शस्त्र रिकामे आहे असे वाटले होते.’

गेल्या सव्वाशे वर्षांत शस्त्रनिर्मात्यांनी अपघात टाळण्यासाठी अनेक यांत्रिक योजना केल्या आहेत. परंतु यातील प्रत्येक योजना एका विशिष्ट चुकीविरुद्ध उभी असते. दुसरी चूक घडल्यास ती निरुपयोगी ठरते. आपल्या शस्त्रातील योजना कोणता अपघात टाळते हे माहीत असणे जितके आवश्यक आहे, तितकेच ती कोणता अपघात टाळू शकत नाही हे माहीत असणेही आवश्यक आहे.

गोळी कशी सुटते

काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक लहान टोपी असते. तिच्यातील स्फोटक द्रव्यावर आघात झाला की ठिणगी पडते, काडतुसातील दारू पेटते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. हा आघात करण्याचे काम फायरिंग पिन करते. चाप ओढला की घोडा सुटतो, घोडा पिनवर आदळतो आणि पिन टोपीवर आदळते. काही पिस्तुलांत घोडा नसतो. तेथे स्प्रिंगच्या जोरावर पिनच पुढे झेपावते.

यावरून नको असताना गोळी सुटण्याची तीन कारणे स्पष्ट होतात. पहिले, बोटाने, कपड्याच्या घडीने अथवा एखाद्या वस्तूने चाप ओढला जाणे. दुसरे, शस्त्र पडल्यामुळे अथवा त्यास धक्का बसल्यामुळे चाप न ओढताच पिनने टोपीवर आघात करणे. तिसरे, गंज, झीज अथवा अडाणी हाताने केलेली दुरुस्ती यांमुळे आतील भाग निकामी होणे. यंत्रातील सुरक्षा योजना मुख्यतः दुसऱ्या कारणाचा बंदोबस्त करतात, पहिल्याचा अंशतः करतात आणि तिसऱ्यापुढे स्वतःच हतबल होतात.

रिव्हॉल्व्हरमधील योजना

भारतात सामान्य नागरिकास परवान्यावर मिळणाऱ्या लहान शस्त्रांत .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर विशेष परिचित आहे. कानपूर येथील स्मॉल आर्म्स फॅक्टरीत असे सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर तयार होते. त्याचे फिरते चक्र प्रत्येक वेळी एक नवे काडतूस नळीसमोर आणते.

जुन्या धाटणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत पिन घोड्यालाच जोडलेली असे आणि घोडा खाली असताना तिचे टोक थेट काडतुसाच्या टोपीला टेकलेले राही. असे शस्त्र घोड्यावर पडले की गोळी सुटे. अमेरिकेच्या लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची रचना याच प्रकारची होती. त्यामुळे सहा घरांपैकी पाचच भरावीत व घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे, असा प्रघात पडला.

या प्रघाताबाबत एक गैरसमज घातक ठरू शकतो. घोड्याखालचे घर रिकामे असले म्हणजे चाप ओढला तरी पहिला बार फुसका जाईल, असे काहींना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. घोडा मागे जात असतानाच चक्र फिरते आणि पुढचे, म्हणजे भरलेले घर नळीसमोर येते. रिकामे घर शस्त्र पडण्यापासून संरक्षण देते. चाप ओढण्यापासून मुळीच देत नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली एका अमेरिकन नौसैनिकाचा मृत्यू झाला. स्मिथ अँड वेसन कंपनीचे भरलेले रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडून त्यातून गोळी सुटली होती. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अडविणारी योजना नव्हती असे नाही. परंतु ती त्या आघातास पुरी पडली नाही. त्यानंतर कंपनीने नवी अडसर-पट्टी बसविण्यास प्रारंभ केला. चाप पूर्ण ओढला जाईपर्यंत ही पट्टी घोडा व शस्त्राची चौकट यांच्यामध्ये आडवी राहते व घोड्यास पुढे जाऊ देत नाही.

ट्रान्स्फर बार ही दुसरी योजना याच्या नेमकी उलट चालते. तीत घोडा एरवी पिनपर्यंत पोहोचतच नाही. चाप पूर्ण मागे ओढला असेल तेव्हाच एक पट्टी वर सरकून घोड्याचा आघात पिनपर्यंत पोहोचविते. चाप सुटला की ती खाली जाते. अमेरिकेतील रूगर कंपनीने १९७३ साली आपल्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही पट्टी बसविली, तेव्हापासून त्या शस्त्राची सहाही घरे भरणे निर्धोक मानले जाऊ लागले.

वाडवडिलांकडून आलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये यांपैकी कोणती योजना आहे, अथवा कोणतीच नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही. अशा शस्त्राची परवानाप्राप्त कारागिराकडून तपासणी करून घ्यावी.

पिस्तुलातील फसवा क्षण

स्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात. नळीवरील स्लाइड मागे ओढून सोडली की एक काडतूस मॅगझिनमधून निघून नळीच्या मागील टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये जाते. त्यानंतर मॅगझिन काढून घेतले तरी ते काडतूस चेंबरमध्येच राहते. मॅगझिन टेबलावर ठेवलेले दिसते, मूठ पोकळ दिसते, आणि पाहणाऱ्याची खात्री होते की पिस्तूल रिकामे झाले. परंतु त्याच्या पोटात एक काडतूस शिल्लक असते.

पिस्तूल रिकामे करण्याच्या क्रमालाही म्हणूनच महत्त्व आहे. मॅगझिन आत असतानाच कोणी प्रथम स्लाइड ओढली, तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते खरे. परंतु स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधील दुसरे काडतूस त्याची जागा घेते. बाहेर पडलेले काडतूस डोळ्यांनी पाहिल्यामुळे मनुष्य निर्धास्त होतो, मग मॅगझिन काढतो, आणि भरलेले पिस्तूल रिकामे समजून हाती घेतो. यास्तव प्रथम मॅगझिन काढावे, नंतर स्लाइड दोन-तीन वेळा पूर्ण मागे ओढावी, ती उघडी ठेवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपून खात्री करावी. हा क्रम कधीही बदलू नये.

या फसव्या क्षणाविरुद्ध दोन योजना आढळतात. पहिलीत मॅगझिन काढले असता चाप निष्क्रिय होतो. बेल्जियममध्ये १९३५ साली तयार झालेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात ती होती. दुसरी योजना म्हणजे चेंबर भरलेले असल्याची खूण. जर्मनीतील वाल्थर कंपनीच्या १९२९ सालच्या पीपी पिस्तुलात चेंबर भरलेले असले की मागील बाजूस एक लहान पिन बाहेर डोकावते व अंधारातही बोटाला लागते. परंतु अनेक पिस्तुलांत या दोहोंपैकी एकही योजना नसते. एका पिस्तुलाच्या अनुभवावरून दुसरे पिस्तूल हाताळणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सेफ्टीची कळ व तिच्या मर्यादा

सेफ्टीची कळ बंद केली की चाप, घोडा अथवा पिन अडविली जाते. कोल्टच्या १९११ सालच्या पिस्तुलात अंगठ्याने चालवावयाच्या कळीखेरीज मुठीच्या मागील बाजूसही एक दांडी असते. मूठ नीट आवळल्याविना ते पिस्तूल उडत नाही. मुठीतील दांडीची कल्पना त्याहून जुनी असून स्मिथ अँड वेसनच्या १८८७ सालच्या एका रिव्हॉल्व्हरमध्ये ती आलेली होती. लहान मुलाच्या हाताला एकाच वेळी मूठ आवळणे व चाप ओढणे अवघड जाते, हा तिचा मोठा लाभ मानला गेला.

परंतु कळीची दिशा सर्व शस्त्रांत सारखी नसते. कोल्टच्या १९११ पिस्तुलात कळ वर असली म्हणजे शस्त्र सुरक्षित व खाली केली म्हणजे उडण्यास सिद्ध असते. वाल्थर पीपीमध्ये कळ खाली असताना ते सुरक्षित असते. एका शस्त्राची सवय दुसऱ्या शस्त्रात नेमका उलटा परिणाम घडवू शकते.

ऑस्ट्रियातील ग्लॉक पिस्तुलाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८० च्या दशकारंभी निघालेले हे पिस्तूल भारतातील काही सुरक्षा दलेही वापरतात. त्यास अंगठ्याची कळ नाही; पिन अडविणाऱ्या व शस्त्र पडल्यास गोळी सुटू न देणाऱ्या योजना आतच आहेत आणि चापाच्या पृष्ठभागावर एक छोटी पट्टी आहे, जी दाबल्याविना चाप मागे जात नाही. परंतु बोट चापावर आले की या सर्व योजना क्रमाक्रमाने बाजूला होतात, कारण त्यांची रचनाच तशी आहे. शिवाय हे पिस्तूल साफ करण्यासाठी उघडण्यापूर्वी त्याचा चाप एकदा ओढावा लागतो. चेंबर तपासण्यास विसरलेला मनुष्य त्याच क्षणी अपघात ओढवून घेतो.

अमेरिकेच्या संसदेस अहवाल सादर करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने मार्च १९९१ मध्ये शस्त्रांच्या अपघातांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्या अपघाती मृत्यूंपैकी ८ टक्के मृत्यू लहान मुलांना शस्त्र उडविता येऊ न देणाऱ्या योजनेने, तर २३ टक्के मृत्यू शस्त्र भरलेले असल्याची खूण असती तर टळू शकले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. शस्त्र रिकामे असल्याचा चुकीचा समज हे अपघाताचे फार मोठे कारण आहे. आणि उरलेले ६९ टक्के मृत्यू या दोन्ही साधनांनी टळले नसते. ते टाळणे केवळ माणसाच्या हाती होते.

हाताच्या चार सवयी

अमेरिकेतील प्रशिक्षक जेफ कूपर यांनी सुरक्षेचे जे चार नियम रूढ केले, त्यांचा आशय आज जगभर शिकविला जातो. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागावे. जे नष्ट करावयाचे नाही, त्याच्या दिशेने नळीचे तोंड कधीही नेऊ नये. लक्ष्यावर नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य कोणते आहे व त्याच्या मागे काय आहे, याची खात्री असल्यावाचून चाप ओढू नये.

या नियमांचे सामर्थ्य असे की गंभीर इजा होण्यासाठी बहुधा एकाच वेळी दोन नियम मोडावे लागतात. बोट चुकून चापावर गेले, परंतु नळी निर्मनुष्य दिशेला असली तर भिंतीला भोक पडेल, माणूस वाचेल. बोट सरळ ठेवण्याचा नियमही शरीराच्या स्वभावातून आला आहे. मनुष्य दचकला, त्याचा तोल गेला अथवा त्याने दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडले, तर शस्त्राच्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात. म्हणूनच हातातून पडणारे पिस्तूल झेलण्याचा प्रयत्न करू नये; झेलताना बोट चापात अडकण्याचा धोका असतो.

चाप ओढूनही गोळी न सुटल्यास शस्त्र तत्काळ उघडू नये. दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. नळी सुरक्षित दिशेस ठेवून किमान तीस सेकंद थांबावे. रिव्हॉल्व्हर रिकामे करताना घरे मोजावीत. उघडून काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस ढकलणाऱ्या चकतीखाली अडकून मागे राहू शकते. सहा घरे असतील तर सहाही घरांतून आरपार उजेड दिसला पाहिजे.

घरातील ठेव आणि पावसाळा

उशीखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर अथवा कपड्यांच्या घडीत शस्त्र ठेवणे म्हणजे ते लपविणे होय, सुरक्षित ठेवणे नव्हे. शस्त्र रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली परवानाधारकाकडेच असावी. साफसफाई करावयाच्या खोलीत काडतुसे नेऊच नयेत.

कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. चामड्याचे म्यान ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यात शस्त्र म्यानातच ठेवून दिल्यास त्यावर गंज चढतो. गंजाने स्प्रिंग दुबळी होते, पिन अडकते आणि सुरक्षेची पट्टी जागेवर येईनाशी होते. शस्त्र कोरडे करून, तेलाचा हलका हात देऊन म्यानाबाहेर कुलपात ठेवावे. तेल काडतुसांस लागू देऊ नये.

मुले, पालक आणि शाळा

लहान मुलाच्या बोटात चाप ओढण्याइतकी शक्ती नसते, ही समजूत फसवी आहे. मूल शस्त्र उलटे धरते व दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते. त्या वेळी नळीचे तोंड त्याच्याच छातीकडे असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस चार सोप्या गोष्टी शिकवाव्यात : शस्त्र दिसल्यास थांबावे, त्यास हात लावू नये, तेथून दूर जावे आणि मोठ्या माणसास सांगावे. परंतु एवढ्यावर पालकांनी निर्धास्त राहू नये. हा पाठ तोंडपाठ असलेली मुलेही एकटी सोडली असता शस्त्र हाती घेतात, असे अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत आढळून आले आहे. मुलांना पाठ द्यावा, पण भरवसा कुलपावर ठेवावा.

कायद्यातील तरतुदी

शस्त्र अधिनियम, १९५९ हा या विषयाचा मूळ कायदा असून सध्याचे शस्त्र नियम २०१६ सालचे आहेत. शस्त्र व काडतुसांच्या सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि त्यांची सुरक्षित ठेव यांविषयी या नियमांत तरतुदी आहेत. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल म्यानात व पूर्णपणे झाकलेले असावे आणि ते बाळगणाऱ्याचे त्यावर प्रभावी नियंत्रण असावे, असेही नियम सांगतात. नुसते कमरेला खोचलेले पिस्तूल या कसोटीस उतरत नाही.

ग्वाल्हेर-चंबळच्या परिसरात व उत्तर भारतात अन्यत्र लग्नसमारंभात हवेत गोळ्या झाडण्याची चाल अनेकांचे प्राण घेऊन गेली आहे. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, आणि गर्दीत हात हिसकला तर ती वर जातही नाही. २०१९ च्या सुधारणेनुसार आनंदोत्सवात अथवा बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचे जीवित धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवल्यास १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

परवानाधारकाचे निधन झाल्यास अथवा परवान्याची मुदत संपल्यास शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावे लागते. पेटीच्या तळाशी असे शस्त्र सापडल्यास कुटुंबीयांनी ते उघडून पाहण्याच्या फंदात पडू नये. ते जेथे असेल तेथेच राहू देऊन, मुलांना दूर ठेवून पोलीस ठाण्यास कळवावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश मिळाल्यास ते घरीच, वर सांगितलेल्या क्रमाने रिकामे करावे. ठाण्यात देणाऱ्याने ते उघडून दाखवावे आणि घेणाऱ्याने स्वतः पुन्हा तपासावे. ‘साहेब, रिकामेच आहे’ या शब्दावर कोणीही विसंबू नये. दुसऱ्यासमोर शस्त्र तपासणे हा अविश्वास नसून शिष्टाचार आहे.

अपघाती गोळीबार म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्यात यंत्राचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळी तपासणीचा एक क्षण चुकविलेला असतो. सेफ्टीची कळ, अडसर-पट्टी, चेंबरची खूण ही सर्व साधने त्या चुकलेल्या क्षणाला सावरण्यासाठी आहेत, त्याची जागा घेण्यासाठी नाहीत. शस्त्र हाती येताच नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि मग डोळ्यांनी व बोटांनी तपासणी, एवढे करण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. पाच मिनिटांपूर्वी तपासलेले शस्त्र पुन्हा हाती घेताना हे अर्धे मिनिट पुन्हा द्यावे.